होस्टिंग घेऊन अठरा दिवस झाले, साइट रखडते. वरचा प्लॅन घेऊ की पैसे परत मागू?

उत्तर:

तुम्ही तीन वर्षांचे पैसे एकदम भरलेत, साइट मंद आहे आणि सपोर्टवाले वरचा प्लॅन घ्यायला सांगताहेत. छोट्या व्यावसायिकांच्या साइट करून देताना हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. माझं म्हणणं सरळ आहे: आधी पैशांचं ठरवा, प्लॅनचं नंतर.

शेअर्ड होस्टिंगला (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट ठेवणारी स्वस्त सेवा) बहुतेक ठिकाणी ३० दिवसांत पैसे परत मिळण्याची हमी असते. पण ही हमी बहुधा पहिल्या खरेदीपुरती असते. नूतनीकरण आणि अपग्रेड तिच्यात सहसा धरत नाहीत. म्हणजे आज प्लॅन वाढवलात म्हणून तीस दिवस नव्याने सुरू होतील, असं समजू नका. ‘अपग्रेड केल्यावर परताव्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत?’ हे सपोर्टला लेखी विचारा. चॅटवरचं उत्तर गोलमोल आलं, तर प्लॅनला हात लावू नका.

तुमच्याकडे अजून बारा दिवस आहेत. त्यातले दोन-तीन साइट का रखडते ते शोधण्यात घालवा. सर्व्हर अमेरिकेत आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल, किंवा मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवले असतील, तर महागडा प्लॅन घेऊनही फार फरक पडणार नाही. सर्व्हर मुंबईत किंवा सिंगापूरला हलवून मिळेल का ते विचारा. काही कंपन्या हे फुकट करून देतात. वर्डप्रेस असेल तर कॅशिंग (तयार पानं साठवून ठेवून पटकन दाखवण्याची सोय) चालू आहे का, तेही बघा.

परतावा घ्यायचं ठरलं, तर भरलेली सगळी रक्कम येईल असं धरू नका. ‘मोफत’ मिळालेल्या डोमेनची (साइटच्या नावाच्या पत्त्याची) किंमत बहुतेक कंपन्या कापून घेतात. डॉट कॉमसारखं नाव नोंदवल्यावर पहिल्या पाच दिवसांत रद्द केलं तरच रजिस्ट्रारला (नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला) वरून शुल्क परत मिळू शकतं, नंतर नाही. तो भार मग तुमच्यावर येतो. नाव मात्र सोडू नका. नव्या डोमेनची दुसऱ्या कंपनीकडे बदली साधारणपणे ६० दिवस करता येत नाही, पण नेमसर्व्हर (नाव कोणत्या सर्व्हरवर उघडायचं ते ठरवणारी नोंद) आजही बदलता येतात, त्यामुळे नाव तिथेच ठेवून साइट दुसरीकडे चालवता येते.

विनंती पाठवण्याआधी पूर्ण बॅकअप स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या. फाइल्स, डेटाबेस आणि ईमेलसुद्धा. ईमेल लोक हमखास विसरतात. खातं बंद झालं की विचारायची सोय उरत नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ऑटो-रिन्यूअल बंद करणं, सेवा रद्द करणं आणि परतावा मागणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं बटण दाबून लोक पैशांची वाट बघत बसतात. परताव्याची विनंती वेगळी करा आणि तिकीट क्रमांक जपून ठेवा. परतावा दिल्याचं सांगूनही कार्डावर पैसे दिसले नाहीत, तर कंपनीकडून एआरएन (कार्डावरच्या परताव्याचा संदर्भ क्रमांक) मागा. त्यावरून बँक शोध घेऊ शकते.

आता प्लॅन बदलायचाच असेल तर हिशोब असा. समजा ३६ महिन्यांचे ३,६०० भरले आणि सहा महिने वापरले, तर ३,००० शिल्लक. नवा प्लॅन महिना २५० चा असेल, तर त्या पैशांत १२ महिने भागतील. मुदत पूर्वीइतकीच, म्हणजे ३० महिने हवी असेल, तर ४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,३१० भरावे लागतील. कंपनी यातला कोणता मार्ग धरते ते पैसे भरण्याच्या पानावर नीट वाचा. मुदत गुपचूप आखडलेली मी पाहिली आहे. खालचा प्लॅन घेताना फरकाचे पैसे क्वचितच खात्यात येतात. त्यांच्याच वॉलेटमध्ये जमा होतात, नाहीतर बदल पुढच्या नूतनीकरणापासून लागू होतो.

कंपनी दाद देत नसेल, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. तरीही हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिकिटाचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.