सहजीवनात परोपजीवी बसतो का?

नागपूरच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "परजीविता हाही सहजीवनाचाच प्रकार, असं वर्गात सांगितलं. मुलं अडून बसली, 'सह' म्हटल्यावर दोघांचंही भलं व्हायला हवं ना? मग आंब्यावरच्या बांडगुळाला सहजीवन म्हणायचं का?"

म्हणायचं. 'सह' म्हणजे सोबत, एवढंच. सहप्रवासी भांडखोर असू शकतो, आणि 'सहआरोपी' शब्दात कुणाचंच भलं नसतं. मुलांची शंका येते ती लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमधून. तिथे सहजीवन म्हणजे सुखाचा संसार. जीवशास्त्रात तो शब्द मुद्दाम कोरा ठेवलेला आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन द बारी यांनी 1879 मध्ये ही संकल्पना मांडली ती 'भिन्न जातींच्या जीवांचं एकत्र राहणं' एवढ्याच अर्थाने, आणि परजीवींना त्यांनी त्यातच धरलं होतं.

त्यांच्यासमोरचं एक मोठं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. सावजी मसाल्यात पडणारं दगडफूल हे फूल नव्हे, तो शैवाक आहे. त्यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. शैवाल उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते आणि ओलावा धरून ठेवते. पण हे जोडजीवन ओळखणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1869 मध्ये बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम म्हटलं होतं! फायदा कोणाचा, हे ठरवणं इतकं अवघड असतं. म्हणूनच आधी 'एकत्र राहतात' म्हणावं आणि हिशेब मागाहून मांडावा, हे मला फार पटतं.

आता बांडगूळ. आयतं खाणाऱ्या माणसाला आपण हे नाव देतो, पण त्याची पानं हिरवी असतात आणि ते स्वतःचं अन्न स्वतः करतं. झाडाकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. म्हणून ते अर्धपरजीवी. खरी आयतोबा ती पिवळी अमरवेल. ज्वारीतला टारफुला बांडगुळासारखा हिरवा असला, तरी मुळांना चिकटून पिकाचं फार नुकसान करतो. गंमत अशी, की आंब्याला जाच करणाऱ्या याच बांडगुळाचं फुलटोच्या पक्ष्याशी चांगलं जमतं. पक्ष्याला फळ मिळतं, आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर जाऊन रुजतं. म्हणजे परजीवी ही त्या वनस्पतीची कायमची जात नव्हे, ते आंब्याशी असलेलं तिचं नातं आहे.

म्हशीमागे चालणारा गायबगळा सहभोजी. तिच्या पायांनी उडालेले किडे तो टिपतो, तिचं बहुधा काही जात नाही.

फळ्यावर वर 'सहजीवन' लिहा. खाली परस्परोपकारिता (दोघांचा फायदा), सहभोजिता (एकाचा फायदा, दुसऱ्याचं काही जात नाही), परोपजीविता (एकाचा फायदा, दुसऱ्याचं नुकसान). 'परजीवी' चुकीचा नाही, पण मला 'परोपजीवी' अधिक आवडतो, कारण त्यात मुलांना ओळखीची 'उपजीविका' दिसते : दुसऱ्यावर निर्वाह करणारा. आणि पावसाळ्यात सोयाबीनचं एक रोप मुळासकट वर्गात न्या. मुळावरची गाठ कापली आणि आत गुलाबी दिसली, तर रायझोबियम जिवाणू कामाला लागलेले आहेत : ते हवेतला नायट्रोजन रोपाला देतात, रोप त्यांना साखर पुरवतं.