बॉक्सचं माप आतून घ्यायचं की बाहेरून?

वाचक विचारतात : ह्या वेळी पॅकिंग

दिवाळी जवळ आली की घरून व्यवसाय करणाऱ्यांची पत्रं वाढतात आणि ह्या वेळी तर जवळपास सगळी बॉक्सच्या मापाबद्दलच आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : नमस्कार, मी नौपाड्यात राहते, घरून फराळ करून विकते. ह्या वर्षी पहिल्यांदा बॉक्स बनवून घेतले. माझ्या बरण्या १०० मिमी रुंद आणि १५० मिमी उंच, तीन-तीनच्या दोन ओळी म्हणजे सहा बरण्या, म्हणून ३०० × २०० × १५० असा साइज फोनवर सांगितला. २०० बॉक्स आले आणि एकातही सहा बरण्या बसत नाहीत, वरचे फ्लॅप तर बंदच होत नाहीत. बॉक्सवाल्याने टेप लावून दाखवली, माप बरोब्बर भरलं. मग चुकलं कुठे?

उत्तर : ताई, ऐन फराळाच्या गडबडीत हे झालं ह्याचं खरंच वाईट वाटलं. पण तुम्ही पण बरोबर आहात आणि तो पण. तुम्ही मनात आतलं माप धरलं होतं, त्याने बाहेरचं धरलं, आणि कुठलं धरायचं हे दोघांपैकी कोणी बोललंच नाही.

आता पुठ्ठा किती जागा खातो ते बघा. साधा थ्री प्लाय म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा, नॅरो फ्लूटचा (मधल्या थराच्या नळ्या बारीक असलेला), साधारण ३ मिमी जाड असतो. लांबीत दोन बाजूंच्या दोन भिंती, म्हणजे ६ मिमी गेले. रुंदीतही तेवढेच. पण उंचीत जास्त जातात, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण वर फ्लॅपचे दोन थर एकावर एक येतात आणि खाली पण दोन, असे चार थर म्हणजे १२ मिमी. तुमच्या बॉक्सचं आतलं माप झालं २९४ × १९४ × १३८. दीडशे मिमीची बरणी १३८ मध्ये कशी जाणार? फाइव्ह प्लाय असता तर पुठ्ठाच ६-७ मिमीचा, अजून घट्ट झालं असतं.

पुढच्या वेळी एक करा. सहाही बरण्या टेबलावर जशा पॅक करायच्या तशा चिकटवून उभ्या करा आणि अख्ख्या गठ्ठ्याचं माप घ्या. एका बरणीचं माप घेऊन गुणाकार करू नका, कारण बऱ्याच बरण्यांचं झाकण अंगापेक्षा रुंद असतं आणि ते दोन-तीन मिमी तीन वेळा जमा होतात. आलेल्या मापात लांबी-रुंदीला प्रत्येक बाजूने ३ मिमी आणि उंचीला ५ मिमी मोकळे ठेवा. जुने बॉक्सवाले ह्यालाच एक सूत सोडणं म्हणतात, ८ सूत म्हणजे १ इंच, तर एक सूत ३ मिमीच्या जरासं वर. तुमचा गठ्ठा ३०० × २०० × १५० भरला तर ऑर्डर अशी जाईल : "आतलं माप ३०६ × २०६ × १५५ मिमी, थ्री प्लाय". बाहेरून तो बॉक्स ३१२ × २१२ × १६७ भरेल, तो आकडा पण वहीत लिहून ठेवा, कुरियरला तोच लागतो. आणि बरण्या काचेच्या असतील तर हे गणित विसरा, काचेला चारही बाजूंनी, वर आणि खाली ५ सेंमीची तरी गादी हवी.

अजून एक, इंच आणि मिमी एकत्र करू नका. मी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंग खात्यात होते तेव्हा एका ऑर्डरमध्ये १२ इंच लिहिलेलं होतं, समोरच्याने इंचाला २५ मिमी धरून ३०० केले, खरे होतात ३०४.८, आणि त्या पाच मिमीपायी सगळा लॉट पडून राहिला. मला आजही ते ढीग आठवतात. फोनवर इंचात बोला हवं तर, पण लिहून देताना मिमीच लिहा, आणि २०० छापायच्या आधी एक सँपल बनवून घेऊन त्यात आपला माल स्वतः भरून बघा.

आलेले २०० बॉक्स मात्र फेकू नका. चिवडा, शंकरपाळे पाउचमध्ये भरत असाल तर त्यात छान बसतील.

प्रश्न : घरात पडलेल्या बॉक्सचं आतलं माप कसं घ्यायचं, स्टीलची टेप कोपऱ्यात वळते आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. (वाचक, घणसोली)

उत्तर : टेप वाकवू नका. टेपचं घर म्हणजे मागची डबी भिंतीला टेकवा, पट्टी समोरच्या भिंतीपर्यंत ओढा आणि वाचलेल्या आकड्यात डबीची लांबी मिळवा, बऱ्याच टेपवर ती छापलेलीच असते. नाहीतर बॉक्सचा जोड उघडून तो सपाट करा आणि घडीच्या मध्यापासून घडीच्या मध्यापर्यंत मोजा, त्यातून पुठ्ठ्याची एक जाडी वजा केली की आतली लांबी-रुंदी जवळपास बरोबर येते. शिवणकामाची कापडी टेप नको, ती ताणते.

प्रश्न : मी कोपरखैरण्यात घरी साबण बनवते. वडी ९० × ६० × ३० मिमी आहे. मोनो कार्टनसाठी (एका वडीच्या पातळ खोक्यासाठी) हाच साइज प्रेसवाल्याला दिला तर त्याने सँपल असं पाठवलं की झाकण मोठ्या बाजूला उघडतं, मिठाईच्या डब्यासारखं. मला तर टूथपेस्टच्या खोक्यासारखं टोकाकडून उघडणारं हवं होतं.

उत्तर : बॉक्सच्या जगात लांबी, रुंदी, उंची हे शब्द वस्तूच्या आकारावरून ठरत नाहीत, तोंडावरून ठरतात. बॉक्स जिथे उघडतो त्या तोंडाची मोठी बाजू म्हणजे लांबी, छोटी बाजू म्हणजे रुंदी, आणि तोंडापासून तळापर्यंत जे राहिलं ती उंची, मग ती उंची सगळ्यात मोठी का असेना. म्हणजे तुम्हाला हवा तो बॉक्स आहे ६० × ३० × ९०. तुम्ही ९० आधी लिहिलंत, त्याने तोंड ९० × ६० चं केलं, त्याच्या हिशोबाने ते चूक नाही. आकड्यांच्या सोबत एक छोटं चित्र काढून तोंडाकडे बाण दाखवलात की वादच मिटतो.

हाताने केलेला साबण सुकताना पाणी सोडतो आणि आक्रसतो, म्हणून माप चार-सहा आठवड्यांनी, वडी पूर्ण मुरल्यावर घ्या, आणि एक नाही दहा वड्या मोजून त्यातली सगळ्यात मोठी धरा. ह्याला १ ते २ मिमी मोकळे पुरेत. मोनो कार्टनचा कागद अर्ध्या मिमीपेक्षा पातळ असतो, त्यामुळे इथे आत-बाहेरचा फरक विशेष जाणवत नाही. पण पुढे ह्या कार्टनचा मोठा बॉक्स करायचा झाला तर कार्टनचं बाहेरचं माप मोजून मोठ्या बॉक्सचं आतलं माप काढायचं.

प्रश्न : नेरूळहून लिहितोय. आम्ही मित्र मिळून कापडी आकाशकंदील बनवतो. एक कंदील बॉक्ससकट किलोभर भरतो, बॉक्स बाहेरून ४० × ४० × ४० सेंमी. पुण्याला पाठवला तर कुरियरने १३ किलोचे पैसे लावले! ही फसवणूक आहे का?

उत्तर : दादा, फसवणूक नाही, पण आधी कोणी सांगितलं नाही ह्याचा राग येणं साहजिक आहे. गाडीत किंवा विमानात हलका पण मोठा माल जागा अडवतो, म्हणून कुरियरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक मापावरचं, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे पैसे घेतात. मापावरचं वजन म्हणजे बाहेरची लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ५०००. एअर कार्गोत ६००० ने भागतात, काही जण दुसराच आकडा धरतात, तो बुकिंगच्या आधी विचारा. तुमचं ४० × ४० × ४० म्हणजे ६४,०००, भागिले ५००० बरोबर १२.८, वर पूर्ण करून १३ किलो.

आता बघा ह्यात काय करता येतं. प्रत्येक बाजू फक्त ४ सेंमीने कमी केली, ३६ चा बॉक्स केला, तर ४६,६५६ भागिले ५००० म्हणजे ९.३ किलो, थेट साडेतीन किलो उतरले, कारण तिन्ही बाजू एकमेकींना गुणतात. पण खरा फायदा कंदील घडीचा करण्यात आहे. सांगाडा मिटून सपाट होत असेल आणि तो ४५ × ३२ × ६ सेंमीच्या बॉक्समध्ये बसला तर ८,६४० भागिले ५००० म्हणजे १.७ किलो. तेराचे पावणेदोन! तुमच्या जागी मी असते तर ह्या वर्षीच्या कंदिलाची रचनाच ह्या आकड्यावरून ठरवली असती, जोडणीचा एक कागद आत टाकला की लोक आनंदाने जोडतात, मुलांना तर मजाच येते.

आणि बॉक्स ठासून भरू नका. फुगलेला बॉक्स त्याच्या सगळ्यात फुगीर जागी मोजतात, तुमच्या कागदावरच्या मापावर नाही.

प्रश्न : महाप्याला आमचं छोटं युनिट आहे, पहिल्यांदाच माल न्हावा शेव्याहून परदेशी जाणार आहे. बॉक्स बाहेरून ४१० × ३१० मिमी, पॅलेट (ज्यावर बॉक्स रचतात तो लाकडी पाट) १२०० × १०००. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवून देणारा एजंट, म्हणतो साइज बदला. दहा मिमीने काय फरक पडतो?

उत्तर : खूप पडतो. ४०० × ३०० चा बॉक्स असेल तर त्या पॅलेटवर एका थरात दहा बसतात : ४०० खोलीची एक ओळ चार बॉक्सची, आणि ३०० खोलीच्या दोन ओळी तीन-तीनच्या, पॅलेट काठोकाठ भरतं. तुमचे ४१० × ३१० चे कसेही फिरवा, आठच बसतात. दर थराला दोन बॉक्सची जागा रिकामी जाणार आणि भाडं मात्र पूर्ण. काठाबाहेर १० मिमी लटकू देऊन भागवायचं मनात असेल तर ते अजिबात नको, बॉक्सचा बराचसा भार त्याचे चार उभे कोपरे घेतात, कोपरा हवेत राहिला की खालचे बॉक्स दबतात. ह्याच कारणासाठी थर हुबेहूब एकावर एक ठेवा, कोपऱ्यावर कोपरा, आणि पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या आहेत ना ते बघा. वर आणि खाली फ्लॅप असलेल्या नेहमीच्या बॉक्सला फेफ्को ०२०१ म्हणतात (फेफ्को ही बॉक्सच्या प्रकारांची आंतरराष्ट्रीय यादी), ऑर्डरमध्ये हा नंबर लिहिलात की तिकडचा माणूसही समजतो.

उलटा हिशोब करा, बाहेरचं ४०० × ३०० पक्कं धरा, फाइव्ह प्लायच्या दोन भिंतींचे १४ मिमी वजा करा, आत ३८६ × २८६ उरतं, त्यात माल बसवायचा बघा. उंची ठरवताना पॅलेटची स्वतःची उंची मिळवायला विसरू नका. २० फुटी साध्या कंटेनरची आतली उंची साधारण २.३९ मीटर असली तरी दरवाजा २.२८ च्या आसपासच असतो, आणि पॅलेट दरवाजातूनच आत जाणार, तेव्हा एकावर एक दोन पॅलेट रचायची असतील तर लाकडासकट प्रत्येक १.१ मीटरच्या आतच ठेवा.