बीजिंगच्या तिआनानमेन दरवाजावरील तसबीर आणि नोटांवरील चेहरा सोडल्यास आजच्या चिनी समाजात माओचे काय उरले आहे?

तसबीर आणि नोटा यांवरून फारसे काही कळत नाही. माओ टिकून आहे तो हुकोउमध्ये, म्हणजे १९५८ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या कुटुंबनोंदणीत, जिने ग्रामीण आणि शहरी अशी माणसांची कायमची विभागणी केली.

दक्षिण चीनमधील दोंगग्वान या औद्योगिक शहरातील एका कारखान्यात यंत्रे बसविण्याच्या कामासाठी मी राहत होतो, तेव्हा आमच्या विभागाची पर्यवेक्षिका हुनानमधील, म्हणजे खुद्द माओच्या प्रांतातील होती. तिचे निम्मे आयुष्य दोंगग्वानमध्ये गेले होते. परंतु नोंदणी गावची असल्यामुळे मुलगी आजीकडे शिकत होती आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही तिला तिकडेच द्यावी लागणार होती. या ताटातुटीबद्दल पर्यवेक्षिका माओला दोष देत असेल, असे मला वाटले होते. तिने उलट मलाच सुनावले की, गावची जमीन सामूहिक मालकीची असून ती कोणाला विकता येत नाही, म्हणूनच उद्या कारखाना बंद पडला तरी आम्हाला परतायला घर आहे, आणि ही व्यवस्था माओने केली. तिच्या आईच्या घरी त्याची तसबीर होती. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे दगावली, हा विषय मात्र तिने टाळला. कम्युनिस्ट पक्षानेही १९८१ च्या माओविषयीच्या ठरावात ‘कार्य प्रथम, चुका दुय्यम’ असा निवाडा देऊन तो मिटवलाच आहे.

माझे भावजी अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. माओनंतर आर्थिक सुधारणा करणाऱ्या डेंग झियाओपिंगने माओला पुसून टाकले म्हणून चीन श्रीमंत झाला, हे ते दर दिवाळीला ऐकवतात. हे अर्धवट ज्ञान आहे. डेंगने शेती कुटुंबांना कसायला दिली, मालकी दिली नाही. आणि किनाऱ्यावरील कारखान्यांना स्वस्त मजूर मिळाले, कारण त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे म्हातारपण यांचा बोजा हुकोउने गावांवरच ठेवला होता. माओची चौकट नसती, तर डेंगचा चमत्कार इतक्या स्वस्तात झाला नसता. ज्यांना चीनविषयी ठाम मते मांडायची आहेत, त्यांनी निर्यातीच्या आकड्यांआधी एखाद्या स्थलांतरित मजुराच्या मुलाची शाळा कोठे आहे, एवढे विचारावे.

२०१४ नंतर हुकोउचे नियम लहान शहरांत बरेच सैल झाले आहेत, हे नमूद केले पाहिजे. बीजिंग आणि शांघायमध्ये ते अजूनही कडक आहेत. साक्षरता आणि स्त्रियांना समान हक्क देणारा १९५० चा विवाह कायदा हाही माओचाच वारसा आहे, पण त्यावर भावजींचा आणि माझा वाद नाही.