अध्यक्षपदाला होकार देण्यापूर्वी

पुणे

स. न. वि. वि.

तुमच्या मुलीच्या महापालिका शाळेतील पालकांनी तुम्हाला शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून दिले आणि आता अध्यक्षपदासाठीही तुमचेच नाव पुढे येत आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला. मात्र होकार देण्यापूर्वी अध्यक्षांची निवड नेमकी कशी होणार आहे, याची चौकशी करावी, असा माझा आग्रह आहे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. कागदोपत्री हे सारे पाळले जाते; परंतु कित्येक ठिकाणी नाव आधीच मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरते आणि पालकसभेत केवळ टाळ्या वाजतात. अशा अध्यक्षाला पुढे खर्चाविषयी प्रश्न विचारणे फार जड जाते, कारण ज्यांच्या मर्जीने पद मिळाले त्यांच्याकडेच हिशेब मागायचा असतो. म्हणून निवड भर सभेत, हात वर करून व्हावी असे तुम्ही स्वतःच सुचवा. आणि ती सभा सकाळी अकराला नको, संध्याकाळी ठेवा, कारण पर्वती पायथ्याच्या वस्तीतून येणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला कामाचा खाडा परवडत नाही.

प्रशिक्षणाचे म्हणाल, तर राज्यातील शिक्षकांच्या प्रशिक्षणाची धुरा वाहणारी राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आपल्याच कुमठेकर रस्त्यावर आहे. पालक सदस्यांची बोळवण मात्र बहुधा एखाद्या दिवसाच्या भाषणावर होते. खरे शिक्षण शाळेच्या कपाटातील वह्यांतून मिळते. पहिल्याच महिन्यात सर्व सदस्यांसह इतिवृत्ताची वही उघडा. सह्या एकाच शाईत, एकापाठोपाठ एक आणि वर ठरावासाठी जागा कोरी दिसली, तर सभा न होताच सह्या घरोघर फिरून घेतल्या असाव्यात, अशी शंका घ्यायला हरकत नाही. त्यानंतर रोकडवही, पोषण आहाराच्या चवीची नोंदवही आणि कलम 22 प्रमाणे समितीनेच करावयाचा शाळा विकास आराखडा पाहा.

समितीची फेररचना दर दोन वर्षांनी होते, हे ध्यानात ठेवून उपाध्यक्षपदी एखादी आई यावी यासाठी प्रयत्न करा आणि अधूनमधून सभेचे कामकाज पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. सुरुवातीला त्या अडखळतील. तेव्हा मध्येच बोलून त्यांचे वाक्य पूर्ण करू नका.

निवडीची तारीख ठरली की कळवावे.

आपला हितचिंतक