शौचावर ताबा राहत नसेल तर

अगं, लाजून गप्प बसू नकोस. बाळंतपणानंतर हा त्रास अनेकींना होतो आणि व्यायामाने बराच आटोक्यात येऊ शकतो. चारचौघांत गॅस रोखताना गुदद्वार आवळतेस ना, तसंच आवळून आत-वर ओढ. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. नितंब घट्ट झाले तर चुकीचे स्नायू काम करताहेत. ५ सेकंद धर, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोड. हे सैल सोडणंच बहुतेकजणी विसरतात. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. फरक जाणवायला साधारण ३ महिने लागतात, तोवर सोडू नकोस. बरोबर जमतंय का, ते पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या) फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेच. शौचावाटे रक्त गेलं किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.