सिम्युलेशन म्हणजे नक्कल का?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर ‘संगणकाद्वारे मेंदूचे अनुकरण’ असं लिहिलं, तर मुलं म्हणाली, ‘बाई, संगणक मेंदूची नक्कल करून दाखवतो का?’ मग सिम्युलेशनला शब्द कोणता?

मुलांना खटकलं ते बरोबरच आहे. अनुकरण म्हटलं की ते करणारा कुणीतरी आला आणि ज्याच्याकडे बघून करायचं तोही आला. आता जपानच्या ‘के’ महासंगणकावर २०१३ मध्ये झालेलं काम बघा. १७३ कोटी चेतापेशींचं जाळं गणितात मांडलं होतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी असतात. जाळ्यातला एक सेकंद पुढे सरकायला सुमारे ८३ हजार प्रोसेसरांना ४० मिनिटं लागली. आणि पेशींच्या जोडण्या कुणा खऱ्या मेंदूवरून उतरवलेल्या नव्हत्या, यदृच्छेने जोडलेल्या होत्या. मग नक्कल केली कुणाची?

मला स्वतःला ‘सोंग’ फार जवळचं वाटतं. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवादिकांची सोंगं नाचवतात. खुंटीला टांगलेला असतो तो नुसता मुखवटा. तो चढवून कुणी संबळाच्या तालावर नाचू लागला की सोंग झालं. मॉडेल आणि सिम्युलेशन यांतला फरक नेमका हाच आहे: एक मांडून ठेवलेलं, दुसरं चालतं केलेलं. पण शहरी मराठीत सोंग म्हटलं की झोपेचं सोंग आठवतं, लबाडी आठवते. तक्त्यावर नाही चालायचं.

‘प्रतिकृती’ही नको. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धरणांच्या सांडव्यांची लहान मापाची मॉडेलं करून त्यांत पाणी सोडतात, त्यांना प्रतिकृती खुशाल म्हणा. तिथलं पाणी ओलं असतं. संगणकातल्या चेतापेशीत मात्र ना क्षार ना विद्युतप्रवाह, नुसती समीकरणं.

म्हणून मी मॉडेलला ‘प्रतिरूप’ म्हणेन आणि ते चालवण्याला ‘प्रतिरूपण’. तक्त्यावर ‘मेंदूचे संगणकीय प्रतिरूपण’ लिहा, खाली छोट्या अक्षरात सिम्युलेशनही राहू द्या. मुलं तोच शब्द बोलणार आहेत.

क्रियापदाकडे मात्र लक्ष असू द्या. ‘मेंदू बनवला’ हे सरळ चूक. ‘प्रतिरूप चालवलं’ म्हणा, पण ‘संगणकावर मेंदू चालवला’ असं लिहाल, तर मुलं पुन्हा हसतील: ‘बाई, डोकं तर आम्हीही चालवतो!’