शंका-समाधान : घरी शिकणाऱ्या मुलांच्या नोंदी

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा घरीच शिकतो. रोजची नोंद लिहायला घेते, पण पंधरा दिवसांत खंड पडतो. शिवाय एवढं लिहूनही तो किती पुढे गेला, ते वहीतून कळत नाही.

उत्तर : रोज पानभर लिहायला गेलं की खंड पडणारच. तीन ओळी पुरेत : काय केलं, कुठे अडला, किती मदत लागली. ‘गणित, १ तास’ या नोंदीतून फक्त वेळ कळतो. त्याऐवजी त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून ठेवा. समजा, त्याने ४०३ − १५८ = ३५५ असं लिहिलं. बरोबर उत्तर २४५. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय : ८ मधून ३, ५ मधून ०, ४ मधून १. म्हणजे वजाबाकीची आकडेमोड पक्की आहे, अडलंय ते दशक-शतक सुटं करण्यात. वहीत नुसतं ‘चुकलं’ असतं तर महिन्याभराने हे कळलं असतं का? म्हणून खोडरबर शक्यतो दूरच ठेवा; चुकीवर एक आडवी रेघ पुरे.

प्रगती दिसते ती तुलनेतून. वाचनाचं बघा. न वाचलेल्या उताऱ्यातले १०० शब्द मोठ्याने वाचून घ्या आणि चुका मोजा. त्याने स्वतःहून सुधारलेली चूक धरू नका. पाचपर्यंत चुका झाल्या तर पुस्तक त्याला सोपं आहे, सहा ते दहा असतील तर सोबत बसून वाचण्याजोगं, त्याहून जास्त असतील तर तूर्त अवघड. तीन महिन्यांनी तेवढ्याच अवघडपणाचा उतारा घ्या, पण तोच नको. मुलांचा पाठ झालेला असतो.

प्रश्न : कागदांचा ढीग झालाय, फोनमध्ये शेकडो फोटो आहेत. काय ठेवावं?

उत्तर : दर महिन्याला विषयामागे एकच नमुना ठेवा, आणि फक्त सुबक पानं निवडू नका. सगळीच छान असली तर फरक दिसणार कशात? मागे पेन्सिलीने तारीख आणि ‘एकट्याने’ की ‘मदतीने’ एवढं लिहा. हे राहिलं तर वर्षाने त्या कागदाचा उपयोग नाही. फोटोच्या फाइलला 2025-03-14-माती-धरण असं नाव द्या, वर्ष आधी. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एका ठिकाणी गोळा होतात.